अनुवादकाने कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या कामावर कशी घासून पाहावी

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जुलै २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोपायलट या आपल्याच संवादी साधनाशी लोकांनी केलेल्या सुमारे दोन लाख निनावी संवादांवरून, कोणत्या व्यवसायातील कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आवाक्यात किती येतात याची त्यांनी क्रमवारी लावली, आणि तीत दुभाषे व अनुवादक सर्वांत वर आले. आवाक्यात येणे म्हणजे रोजगार जाणे नव्हे, असा खुलासा संशोधकांनीच केला होता. परंतु इंग्रजीतून मराठीत अनुवाद करून घर चालवणाऱ्याला एवढ्या खुलाशाने स्वस्थता लाभत नाही. त्याला उत्तर हवे असते ते स्वतःकडे आलेल्या कामाविषयी, आणि ते उत्तर कोणताही जागतिक अहवाल देत नाही. ते आपल्या कामातूनच काढावे लागते. ते कसे काढावे, हे येथे सांगायचे आहे. स्वतंत्रपणे काम करणारे अनुवादक, एजन्सीतील संपादक आणि ज्यांच्या नोकरीत अनुवाद हा एक भाग आहे असे कर्मचारी, हे तिघेही ही पद्धत वापरू शकतात.

आधी अंदाजांविषयी थोडे, कारण त्यांचा धसका मनात असेपर्यंत प्रामाणिक नोंदी होत नाहीत. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ४७ टक्के रोजगारांना संगणकीकरणाचा मोठा धोका असल्याचे म्हटले होते. पुढे २०२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरलेले जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्रे रेडिओलॉजिस्टपेक्षा (क्ष-किरणांसारख्या प्रतिमा वाचून निदान करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा) सरस ठरतील, म्हणून नवे रेडिओलॉजिस्ट तयार करणे आताच थांबवावे. ते कोणी थांबवले नाही, आणि आज अनेक देशांत रेडिओलॉजिस्टची टंचाई आहे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत ९ कोटी २० लाख रोजगार जातील व १७ कोटी नवे निर्माण होतील असा हिशेब आहे. पण तो मालकवर्गाला विचारलेल्या प्रश्नांवर आधारलेला आहे, आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेखेरीज लोकसंख्या, हवामान, महागाई अशी इतर कारणेही मिसळलेली आहेत. असा आकडा समोर आला की तो सुट्या कामांविषयी आहे की अख्ख्या रोजगारांविषयी, तो मोजलेला आहे की कोणाला विचारून मिळवलेला आहे, आणि ज्याचे काम जाणार त्यालाच नवे काम मिळणार असे त्यात कोठे म्हटले आहे का, हे पाहून घ्यावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे येते.

मराठी मुद्रणाने हे एकदा पाहिलेले आहे. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून पाने बांधणारे जुळारी हे छापखान्याचा कणा होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून डीटीपी, म्हणजे संगणकावर पान जुळवण्याचे तंत्र, आले आणि काही वर्षांत खिळ्यांच्या केसी (खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या) भंगारात गेल्या. छपाई थांबली नाही, उलट वाढली. मुद्रितशोधनही गेले नाही, आणि पुढे जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेतात नेताना जोडाक्षरे फुटू लागली तेव्हा तर मुद्रितशोधकाला जास्तीचे काम मिळाले. परंतु केसीतला कोणता खिळा कोणत्या घरात आहे हे न पाहता सांगणाऱ्या जुळाऱ्यांपैकी संगणकापुढच्या खुर्चीत फार थोडे बसले. व्यवसायाचे भवितव्य आणि व्यवसायातल्या माणसाचे भवितव्य हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि पुढील सर्व खटाटोप दुसऱ्या हिशेबासाठी आहे.

कामाची वही

पहिली पायरी कंटाळवाणी आहे, पण ती टाळली तर पुढचे सगळे हवेत राहते. एक पूर्ण महिना, म्हणजे बिलाचे एक चक्र पूर्ण होईपर्यंत, आपण नेमके काय करतो याची नोंद ठेवावी. ‘अनुवाद’ असे एकच शीर्षक चालणार नाही. मूळ मजकूर वाचून समजून घेणे, पारिभाषिक संज्ञा शोधणे व निश्चित करणे, पहिला खर्डा करणे, तो खर्डा मराठी म्हणून पुन्हा वाचणे, आकडे आणि नावे ताडून पाहणे, ग्राहकाला शंका विचारणे, पानाची मांडणी झाल्यावर तुटलेल्या ओळी व फुटलेली अक्षरे तपासणे, ग्राहकाच्या दुरुस्त्यांवर वाद घालणे किंवा त्या मान्य करणे, आणि शेवटी बिलाचा पाठपुरावा करणे, ही सारी वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येकाचा वेळ वेगळा लिहावा.

वेळेच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत. एकात लिहावे की हे काम चुकले तर काय बिघडेल आणि जाब कोणाला विचारला जाईल. मिक्सरच्या माहितीपत्रकात एखादे क्रियापद अवघडलेले राहिले तर कोणाचे फारसे नुकसान होत नाही. विमा कंपनीच्या पत्रात दावा दाखल करण्याची मुदत चुकली तर एखाद्या कुटुंबाचे पैसे बुडतात. दुसऱ्या रकान्यात लिहावे की हे काम करताना कागदावर नसलेली कोणती माहिती आपण वापरली: या बँकेला ‘आपण’ हे संबोधन हवे असते, या कंपनीच्या मागच्या पत्रकात हीच संज्ञा वेगळी वापरली होती, हे पत्रक वाचणारा वर्ग आशा सेविकांचा आहे, लेखकाने मूळ इंग्रजीतच गल्लत केलेली दिसते. महिनाअखेरीस वही चाळली की अनेकांच्या लक्षात येते की पहिला खर्डा हा त्यांच्या दिवसाचा त्यांना वाटत होता त्यापेक्षा लहान भाग आहे. यंत्राने प्रथम हात घातला आहे तो मात्र याच भागाला.

घड्याळ लावून चाचणी

यंत्राच्या बाजूने काय बदलले आहे तेही नीट समजून घ्यावे. गूगलच्या अनुवाद सेवेने एप्रिल २०१७ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी न्यूरल पद्धत, म्हणजे अख्खे वाक्य एकत्र घेऊन अनुवाद करणारी पद्धत, आणली; त्याआधीची पद्धत वाक्याचे तुकडे करून जोडत असे आणि तिची मराठी वाचताच ठेच लागे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आल्यानंतर सर्वांच्या हाती आलेल्या भाषा-प्रारूपांची (अफाट मजकुरावरून शिकून वाक्ये रचणाऱ्या अशा प्रणालींची) मराठी त्याहून कितीतरी सफाईदार आहे. ही प्रगती खरी आहे, आणि ती नाकारणाऱ्या अनुवादकाने एकदा ताजी आवृत्ती उघडून पाहावी. परंतु सफाई वाढली तशी चूक दिसेनाशी झाली. पूर्वी चुकीचे वाक्य ओबडधोबड असे आणि आपणहून नजरेत भरे. आता चुकीचे वाक्यही बरोबर वाक्याइतकेच गुळगुळीत असते. म्हणून वाचताना बरे वाटले, हा निकष या चाचणीत बाद समजावा.

चाचणीसाठी आपणच पूर्वी केलेली, ग्राहकाने स्वीकारलेली कामे घ्यावीत आणि ती जाणूनबुजून तीन प्रकारची असावीत: एखादे साधे माहितीपत्रक, एखादे बँकेचे किंवा विम्याचे अटी असलेले पत्र, आणि एखादी जाहिरात किंवा ललित मजकूर. ग्राहकाचा मजकूर परस्पर ऑनलाइन साधनात टाकू नये. गोपनीयतेचा करार केला असेल तर तो मोडतोच, शिवाय मजकुरात व्यक्तींची माहिती असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याचाही विचार करावा लागतो. ग्राहकाची लेखी परवानगी घ्यावी, आणि परवानगी मिळाली तरी नावे, खाते क्रमांक, पत्ते काढूनच मजकूर वापरावा. परवानगी मिळत नसेल तर सार्वजनिक रीत्या उपलब्ध असलेला त्याच प्रकारचा मजकूर निवडावा.

मग घड्याळ लावून प्रत्येक मजकूर यंत्राकडून करून घ्यावा आणि आपण स्वतःच्या नावाने पाठवू शकू इतपत दुरुस्त करेपर्यंत किती वेळ गेला तो लिहावा. तेच काम यंत्राशिवाय किती वेळात होते हे वहीत आहेच. प्रत्येक मजकूर एकदा नुसता द्यावा आणि एकदा आपली परिभाषासूची, संबोधनाचा नियम व आधीच्या कामाचा एक नमुना सोबत जोडून द्यावा. या दोहोंतील अंतर पुष्कळदा मोठे असते, आणि ते अंतर म्हणजे अनुवादकाच्या ज्ञानाची यंत्राबाहेरची किंमत होय, हे पुढे दर ठरवताना उपयोगी पडते.

घड्याळाचा एवढा आग्रह धरण्याचे कारण आहे. अमेरिकेतील एमईटीआर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांवर एक प्रयोग केला. त्यांना परिचित असलेल्या प्रकल्पांतील कामे त्यांनी काही वेळा कृत्रिम बुद्धिमत्तेसह आणि काही वेळा तिच्याशिवाय केली. साधन हाती असताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला, आणि तरीही प्रयोग संपल्यावर त्यांना वाटत होते की आपण सुमारे २० टक्के वेगाने काम केले. याच्या उलट दिसणारा निष्कर्षही तितकाच खरा आहे: ग्राहकसेवेतील पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात साधनामुळे उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी वाढली, नवख्यांची ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांची जवळजवळ नाहीच. दोन्ही एकत्र ठेवले तर अनुवादकासाठी अपेक्षा अशी बांधता येते की, अपरिचित विषयात यंत्र त्याला हात देईल आणि ज्या विषयात तो वर्षानुवर्षे काम करतो त्यात ते त्याच्या पायात येईल. ती अपेक्षा खरी ठरते की नाही हे वही सांगेल.

तपासण्याचा क्रम

यंत्राने केलेला खर्डा तपासताना आधी मराठी वाचण्याचा मोह आवरावा. प्रथम मूळ इंग्रजी वाक्य वाचावे, त्याचा अर्थ मनात मराठीत उभा करावा आणि मगच यंत्राचे वाक्य पाहावे. उलट क्रमाने गेले की यंत्राचे वाक्य मनाचा ताबा घेते आणि मूळ वाक्यही तसेच म्हणते असे वाटू लागते.

पहिली फेरी केवळ आकड्यांची असावी. दहा लाख आणि एक कोटी यांतील शून्ये, टक्के, मात्रा, आणि विशेषतः तारखा. अमेरिकी पत्रात महिना आधी येतो, त्यामुळे ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे यंत्र स्वतःच्या मनाने ठरवून टाकते. दुसरी फेरी नकारांची आणि अटींची असावी. ‘जोपर्यंत नाही तोपर्यंत नाही’ अशा दुहेरी रचनेतील एक ‘नाही’ गळले तर अट उलटी होते आणि वाक्य मात्र अधिकच सुबोध होते, म्हणून ही चूक सर्वांत उशिरा सापडते. तिसऱ्या फेरीत मूळ परिच्छेदातील वाक्ये मोजून मराठीत तितका आशय उतरला आहे का ते पाहावे, कारण लांब परिच्छेदातून एखादे वाक्य गुपचूप वगळले जाते. तक्ते असतील तर ओळी मोजाव्यात.

त्यानंतर मराठीकडे वळावे. एका पानावर ‘तुम्ही’ आणि दुसऱ्यावर ‘आपण’, एका ठिकाणी विमा पॉलिसी आणि तीन परिच्छेदांनंतर तिचेच ‘विमा धोरण’, कर्ता वाक्याच्या सुरुवातीला आणि क्रियापद पार शेवटी असल्यामुळे बिघडलेले लिंग-वचन, या नेहमीच्या जागा आहेत. शासकीय मजकुरात संज्ञेविषयी शंका आली तर ती यंत्राला विचारू नये. भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश, पदनाम कोश आणि विषयवार परिभाषा कोश संकेतस्थळावर पाहता येतात, तेथे ताडून पाहावे. यंत्राला विचारले तर ते आत्मविश्वासाने एखादा प्रतिशब्द देते आणि तो अमुक कोशात आहे असेही सांगते, जो तेथे नसू शकतो. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि जून २०२३ मध्ये त्यांच्यावर ५,००० डॉलरचा दंड बसला. त्यांनी ते निवाडे खरे आहेत का असे त्याच यंत्राला विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता.

येथे एका लोकप्रिय युक्तीविषयी सावध करणे आवश्यक वाटते. यंत्राचा मराठी अनुवाद पुन्हा यंत्राकडूनच इंग्रजीत करून घेऊन मूळ मजकुराशी ताडून पाहणे ही ती युक्ती. ती फसवी आहे. ‘विमा धोरण’ हे इंग्रजीत परत जाताना निमूटपणे ‘पॉलिसी’ होते आणि चूक पुसली जाते. औषधांच्या चाचण्यांतील संमतिपत्रांसाठी प्रत्यनुवाद मागण्याची पद्धत जुनी आहे, परंतु तेथे तो पहिल्या अनुवादकाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या माणसाकडून करून घेतात, आणि त्या पद्धतीचे सारे बळ त्या दुसरेपणात आहे.

कोठे वापरावे, कोठे नाकारावे

वहीतील जाब विचारण्याचा रकाना आता कामी येतो. चूक झाल्यास उत्तर कोण देणार हे ज्या कामात स्पष्ट आहे आणि तपासायला पुरेसा वेळ दिलेला आहे, तेथे यंत्राचा खर्डा घेण्यास हरकत नसावी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ हे अनुवादाचे सॉफ्टवेअर आणले, आणि त्याच्या साहाय्याने निकाल मराठीसह अनेक भाषांत आणताना अनुवादकांची व न्यायिक अधिकाऱ्यांची तपासणी ठेवली. या अनुवादांवर टीपही असते की, हा मजकूर पक्षकाराला आपल्या भाषेत निकाल समजावा एवढ्यापुरताच आहे, आणि प्रमाण मानायचा तो इंग्रजी निकाल. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी केलेल्या धोरणात यंत्राने केलेला अनुवाद पात्र अनुवादकाने किंवा न्यायाधीशाने तपासलाच पाहिजे असे घातले आहे. ही दोन्ही उदाहरणे एजन्सीशी बोलताना पुढे करण्याजोगी आहेत, कारण ‘आजकाल सगळे यंत्रच करते, तुम्ही फक्त नजर फिरवा’ या सूचनेला त्यांच्याहून चांगले उत्तर नाही.

ज्या मजकुराचा मराठीत अनुवाद अन्यथा झालाच नसता, तेथे तर यंत्र निर्विवादपणे उपकारक आहे, आणि अनुवादकांनी हे मोकळ्या मनाने मान्य करावे. एखाद्या शेतकऱ्याला कीटकनाशकाच्या डब्यावरील इंग्रजी मजकूर, एखाद्या मुलीला तिच्या आजीच्या तपासणीचा अहवाल, एखाद्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यापीठाचे टिपण यांचा निदान आशय तरी कळतो. त्यासाठी त्यांनी कोणत्याही अनुवादकाला पैसे दिले नसते आणि देणे त्यांना शक्यही नव्हते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ हा प्रकल्प किंवा अभियांत्रिकीची पुस्तके भारतीय भाषांत आणण्यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तयार केलेले ‘अनुवादिनी’ हे साधन याच गरजेतून आले. आशय कळण्यासाठी केलेला अनुवाद आणि ज्यावर कोणी सही करणार आहे असा अनुवाद यांत गल्लत होते, तेव्हा मात्र प्रश्न उभा राहतो.

म्हणून शस्त्रक्रियेचे संमतिपत्र, औषधाच्या मात्रेची पत्रिका, करारनामा, पोलिसांसमोरील जबाब, असे काम ‘फक्त नजर फिरवण्याच्या’ दराने व वेळेत आले तर ते नाकारावे. ज्या पूर्ण फेऱ्या वर सांगितल्या त्या करण्यास लागणारा वेळ व मोबदला मिळत असेल तरच घ्यावे. यंत्राने सांगितले होते, हा बचाव चालत नाही: एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीविषयी चुकीची माहिती दिली, तेव्हा कॅनडातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. कंपनीला जो बचाव मिळाला नाही तो शब्दामागे काही पैसे मिळवणाऱ्या अनुवादकाला मिळेल अशी आशा धरू नये.

दराचा हिशेब

यंत्रामुळे वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, यावर धोका की लाभ हे बहुतांशी ठरते, आणि ही गोष्ट यंत्र ठरवत नाही. एजन्सी म्हणते की खर्डा तयार आहे, म्हणून पोस्ट एडिटिंगचा, म्हणजे यंत्राचा खर्डा दुरुस्त करण्याचा, दर कमी. हा युक्तिवाद नवा नाही. १९९० च्या दशकापासून अनुवादाची सॉफ्टवेअरे जुन्या वाक्यांची स्मृती ठेवू लागली तेव्हापासून ‘हे वाक्य आधीच्या वाक्याशी इतके टक्के जुळते’ म्हणून कपात करण्याची पद्धत आहे. तिला तोंड देण्यासाठी आपला समतोल दर, म्हणजे ज्या दराने तासाची मिळकत पूर्वीइतकीच राहते तो दर, माहीत हवा.

समजा, स्वतः अनुवाद करताना तासाला २५० शब्द होतात आणि दर शब्दाला २ रुपये आहे, म्हणजे तासाला ५०० रुपये. विम्याच्या पत्राचा यंत्राने केलेला खर्डा दुरुस्त करताना चाचणीत तासाला ४०० शब्द झाले असतील, तर शब्दाला १ रुपया २५ पैसे हा समतोल दर झाला. त्याच्या खाली प्रत्येक पैसा अनुवादकाच्या खिशातून जातो. एजन्सीने ८० पैसे देऊ केले तर तासाची मिळकत ३२० रुपयांवर येते. त्याच ८० पैशांत साधे माहितीपत्रक मात्र तासाला ७०० शब्दांनी होत असेल, तर ५६० रुपये पडतात आणि सौदा फायद्याचा ठरतो. जाहिरातीचा मजकूर तासाला २०० शब्दच होत असेल, तर यंत्राचा खर्डा बाजूला सारून आपल्या पूर्ण दराने नव्याने लिहिणे हेच शहाणपणाचे आहे. यावरून उघड होते की सर्व प्रकारच्या मजकुराला एकच पोस्ट एडिटिंगचा दर मान्य करणे हीच मुळात चूक आहे. आपले खरे आकडे या जागी घालून प्रकारवार तीन दर काढून ठेवावेत, आणि शक्य असेल तेथे शब्दाऐवजी तासावर मोबदला मागावा.

काम स्वीकारण्यापूर्वी खर्ड्याचा एक नमुना मागावा. यंत्राचा खर्डा म्हणून जे येते त्याचा दर्जा कामागणिक बदलतो आणि न पाहता होकार दिला की वाईट खर्ड्याचा भुर्दंड आपल्यावर येतो. मजकूर यंत्राने केलेला असेल तर तसे आधी सांगितले जाईल, केवळ समजण्याजोगा करायचा की प्रसिद्ध करण्याजोगा हे लेखी ठरेल, दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत, आणि आपला अनुवाद यंत्राला शिकवण्यासाठी वापरला जाणार का, हे मुद्दे ईमेलमध्ये तरी नमूद करून घ्यावेत. हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून, यंत्राने लिहिलेला मजकूर हाती देताना कंपनीने तसे सांगितलेच पाहिजे अशी अट करारात घालून घेतली. आपल्याकडे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकीकरणाच्या अटींवर १९८३ मध्येच बँकांशी करार केला होता. इंग्रजी-मराठी अनुवादक विखुरलेले आहेत आणि एकेकटे वाटाघाटी करतात, ही त्यांची खरी दुर्बलता आहे. चार-सहा जणांनी आपले समतोल दर एकमेकांना सांगितले तरी सर्वांत कमी दर बोलणाऱ्याच्या मागे सारा बाजार जाण्याचा वेग कमी होतो.

नवशिक्यांचे काय

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांची अडचण वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. साधी माहितीपत्रके, छोटी पत्रे, उत्पादनांची वर्णने ही कामे नवशिक्यांना मिळत आणि त्यांवरच हात बसे. तीच आता यंत्राकडे सर्वांत आधी जात आहेत. शिवाय यंत्राचा खर्डा दुरुस्त करायला तेच डोळे लागतात जे स्वतः शेकडो खर्डे केल्याने तयार होतात; नवशिक्याला ते खर्डे करायलाच मिळाले नाहीत तर पुढे दुरुस्ती करणारे कोठून येतील, याचा विचार एजन्सी करत नाहीत, कारण त्यांचा हिशेब तिमाहीचा असतो.

नवशिक्याने निदान पहिले वर्षभर प्रत्येक कामाचा पहिला खर्डा स्वतः करावा आणि नंतरच यंत्राचा खर्डा शेजारी ठेवून पाहावा. जेथे यंत्राचे वाक्य सरस वाटेल तेथे ते का सरस आहे हे एका ओळीत लिहून ठेवावे. कारण लिहिता आले नाही तर वाक्य उचलू नये. ज्येष्ठ अनुवादकांनी आपल्या तपासणीच्या फेऱ्यांपैकी आकड्यांची व वगळलेल्या वाक्यांची फेरी नवशिक्याकडे मोबदला देऊन सोपवावी. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी अशी बोली ज्याला घरून आलेली आहे, त्याने ती आपल्या परिचयपत्रात ठळकपणे लिहावी, कारण या बोलींत लिखित मजकूर थोडा असल्याने यंत्राची त्यांतील गती कच्ची आहे, आणि आरोग्य प्रसाराच्या ध्वनिफिती किंवा उपशीर्षके यांसाठी असा माणूस शोधावा लागतो.

पुन्हा मोजणे

ही चाचणी एकदाच करून भागत नाही. साधने न सांगता बदलतात, कधी सुधारतात आणि कधी एखाद्या प्रकारच्या मजकुरात मागेही जातात. दर सहा महिन्यांनी तोच मजकूर, त्याच परिभाषासूचीसह, घड्याळ लावून पुन्हा करावा आणि तारीख व साधनाची आवृत्ती लिहावी. आपली जुनी दुरुस्ती लक्षात असल्याने वेळ कमी भरतो, म्हणून प्रत्येक प्रकारात एक नवा मजकूरही सोबत घ्यावा. माहितीपत्रकांत दुरुस्तीचा वेग वाढत गेला आणि बाजारातील दरही घसरत गेला तर त्या प्रकारावरील भिस्त आधीच कमी करावी, आणि तो वेळ परिभाषासूची करून देणे, इतरांचे यांत्रिक अनुवाद तपासणे, दुभाषाचे काम किंवा उपशीर्षके यांपैकी जे आपल्या वहीत आधीपासून थोडेफार आहे त्याकडे वळवावा. अटी असलेल्या मजकुरात वेग वाढला पण नकारांच्या व आकड्यांच्या चुका तितक्याच राहिल्या, तर दर कमी करण्याचे कोणतेही कारण नाही. त्या चुकांची जुन्या-नव्या तारखांसह केलेली यादी एजन्सीला पाठवावी आणि पुढील वर्षाच्या दराची चर्चा त्या यादीपासून सुरू करावी.